रामनदीचा एक किलोमीटर सांभाळायचाय? आधी नाल्यांची तोंडं मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात रामनदीकाठच्या दोन-तीन सोसायट्यांमधले पंचवीसेक जण सलग सहा रविवार नदीतला कचरा काढत आहेत. दर वेळी तीस-चाळीस गोण्या भरतात आणि पुढच्या रविवारी पात्र पुन्हा होतं तसंच. आता काठावरची झुडपं काढून पाऊलवाट करायची, जूनमध्ये पाचशे झाडं लावायची, डासांसाठी गप्पी मासे सोडायचे आणि वास जावा म्हणून जिवाणूंचं द्रावण ओतायचं, असा बेत आहे. यातलं आधी काय करावं?

स्पष्टच सांगतो: या चारपैकी एकही ठरवलंय तसं नको, निदान पहिल्या वर्षी तरी नको. उत्साह मोडायचा नाहीये, पण तुमच्यासमोर एक प्रश्न नसून तीन आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे मेहनत वाया जाते आहे. एक, वरून वाहत येणारा तरंगता कचरा. दोन, पाण्यात मिसळणारं मैलापाणी. तीन, पात्र आणि काठ यांवर जगणारे जीव. पहिल्यावर तुमचा बराच ताबा चालेल. दुसऱ्यावर थेट ताबा नाही, पण पुरावा गोळा करणं पूर्ण तुमच्या हातात आहे. तिसऱ्या बाबतीत सगळ्यात मोठं काम म्हणजे हात आवरणं.

काही गोष्टी तुमचा टप्पा नेमका कुठला यावर ठरतील. भूकूम-भूगावच्या बाजूचा वरचा भाग, बावधनचा मधला भाग, पाषाण तलावाच्या खालचा सोमेश्वरवाडीचा भाग आणि मुळेला मिळण्याआधीचा शेवटचा भाग ही एकाच नावाची चार वेगळी पाणी आहेत. काठाची जमीन खासगी आहे की महापालिकेची, टप्प्याच्या वर ड्रेनेजलाइन टाकलेली आहे की नाही, यावरही बरंच अवलंबून राहील. तरी खालचा क्रम सगळीकडे लागू पडतो.

आधी एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. दख्खनच्या काळ्या दगडावरची अशी छोटी नदी मुळात बारमाही नसते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत प्रवाह आटतो, मधे मधे डोह उरतात, कुठे एखादा झरा पाझरत राहतो, आणि तिथले मासे, खेकडे, बेडूक या आटण्याला सरावलेले असतात. म्हणून तुमच्या टप्प्यात मे महिन्यातही पाणी खळखळत असेल तर आनंद मानायच्या आधी ते येतंय कुठून ते बघा. बहुतेक वेळा ते आपल्याच मोऱ्यांचं असतं.

म्हणून पहिले दोन रविवार गोण्या घरीच ठेवा आणि फक्त चाला. नोव्हेंबर ते मे या काळात, पाऊस नसताना किमान तीन दिवस गेल्यावर, दोन्ही काठांनी पूर्ण किलोमीटर. नदीत उतरणारं प्रत्येक तोंड, म्हणजे नाला, पाइप, भिंतीतलं भोक, फुटलेलं चेंबर, नकाशावर टिपा आणि त्याला क्रमांक द्या. उन्हाळ्यात पावसाळी गटारातून पाणी येता कामा नये. येत असेल तर त्यात कुणाचं तरी सांडपाणी जोडलेलं आहे, किंवा वर कुठे चेंबर तुंबून ओसंडतंय. सकाळी सात ते नऊ या वेळात जा. घराघरांत अंघोळी, धुणं-भांडी चालू असतात, त्यामुळे मैलापाणी तेव्हा भरात असतं. दुपारी तेच तोंड कोरडं दिसून तुमची फसगत होईल.

आता प्रत्येक तोंडाचं पाणी मोजा. पाइप हवेत असेल तर दहा लिटरची बादली खाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. दोन सेकंदांत भरली तर सेकंदाला पाच लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या. उघडा नाला असेल तर दहा मीटरचा सरळ तुकडा शोधा, त्यात संत्र्याची साल किंवा अर्धवट बुडणारं लिंबू सोडा आणि दहा मीटर जायला किती सेकंद लागले ते बघा. समजा पन्नास लागले, तर वेग सेकंदाला ०.२ मीटर. नाला ६० सेंटिमीटर रुंद आणि सरासरी ५ सेंटिमीटर खोल असेल, तर ०.६ गुणिले ०.०५ गुणिले ०.२. येणाऱ्या उत्तराला ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं. उत्तर साधारण सेकंदाला पाच लिटर. खोली एकाच ठिकाणी मोजू नका, आडव्या रेषेत निदान पाच ठिकाणी पट्टी लावा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पाच लिटर म्हणजे फार नाही, असं वाटतं ना? दिवसाचं गणित करा. पाच लिटर गुणिले ८६,४०० सेकंद म्हणजे ४,३२,००० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी रोज १३५ लिटरचा धरतात आणि त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, म्हणजे १०८ लिटर. भागाकार केला की चार हजार माणसं येतात. घोट्याएवढंही पाणी नसलेला तो नाला चार हजार माणसांचं मैलापाणी नदीत आणतोय. अर्थात दिवसभर धार सारखी नसते, म्हणून एका रविवारी तरी सकाळी, दुपारी आणि रात्री अशी तीन मोजमापं घ्या आणि कागदावर ‘अंदाजे’ हा शब्द लिहा. पण क्षेत्रीय कार्यालयात ‘नदी घाण झाली आहे’ असा अर्ज देणं आणि ‘तोंड क्रमांक ७, अक्षांश-रेखांश असे, मार्चमधल्या चार रविवारी सकाळी आठला सेकंदाला चार ते सहा लिटर, रंग करडा, मैल्याचा वास’ असा अर्ज देणं, यात फार फरक पडतो. पहिल्या अर्जाला उत्तर देता येतं, दुसऱ्याला माणूस पाठवावा लागतो. ड्रेनेज विभागाकडून त्या भागाच्या मलवाहिन्यांचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाचं शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. नकाशा आणि तुमची तोंडं एकमेकांवर ठेवली की जोडणी कुठे राहिली आहे ते बहुतेक वेळा डोळ्यांनाच दिसतं.

पाण्याच्या तपासणीत लोक पीएचच्या, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या, कागदाने सुरुवात करतात आणि सात आला की ‘पाणी चांगलं आहे’ म्हणतात. मैलापाण्याचा पीएचही साताच्या आसपासच असतो, तेव्हा त्यातून काही कळत नाही. मोजायचा तो विरघळलेला प्राणवायू. रसायनांचे थेंब टाकून मोजायचे संच मिळतात, ते स्वस्तातल्या मीटरपेक्षा भरवशाचे. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि पहिली दोन रसायनं जागच्या जागी टाकायची. घरी नेऊन तपासलेला आकडा खोटा असतो. २५ अंश तापमानाला पुण्याच्या उंचीवर पाण्यात लिटरला साडेसात-पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. अंघोळीच्या पाण्याच्या मानकात तो किमान ५ हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ च्या आत. पण वेळ चुकली तर हा आकडाही फसवतो. हिरवं, शेवाळलेलं पाणी दुपारी तीनला १० किंवा १२ सुद्धा दाखवेल, कारण शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं. तेच शेवाळ रात्रभर तो वापरतं आणि पहाटे आकडा २ च्या खाली जातो. मासे मरतात ते पहाटे. म्हणून एक मोजमाप सूर्योदयाआधी आणि एक दुपारी, अशी जोडी घ्या. हिरव्या पाण्यात दोन्हींतला फरक जितका मोठा, तितकं पाणी आजारी.

रसायनांपेक्षा स्वस्त आणि जास्त बोलकी तपासणी म्हणजे दगडाखालचे किडे. तीस सेंटिमीटरच्या चौकटीला मच्छरदाणीचं कापड शिवा. खळाळात, म्हणजे उथळ पाणी दगडांवरून आवाज करत जातं तिथे, जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा आणि वरच्या बाजूला दोन मिनिटं गमबुटाने तळ ढवळा. जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये उलटा. संख्येपेक्षा प्रकार मोजा. शेपटीला दोन-तीन लांब धागे असलेली मेफ्लायची पिल्लं आणि वाळूचे कण चिकटवून घर करणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या मिळाल्या तर पाणी चांगलं. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक कीटक) यांची पिल्लं मध्यम पाण्यातही तग धरतात. नुसत्या लाल अळ्या आणि गुच्छाने वळवळणारे लाल ट्युबिफेक्स (बारीक गांडुळांसारखे किडे) असतील तर तळाशी प्राणवायू जवळपास नाही. बाटलीतल्या नमुन्यात त्या एका क्षणाचं पाणी असतं; किडे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतात. रात्री कुणी टँकर रिकामा करून गेला तर सकाळच्या नमुन्यात तो सापडणार नाही, ट्रेमध्ये सापडेल. हे वर्षातून दोनदा करा, ऑक्टोबरअखेर आणि फेब्रुवारीत. पुरानंतर लगेच केलं तर किडे वाहून गेलेले असतात आणि निष्कर्ष उलटा निघतो. तुलनेसाठी एक नमुना वरच्या अंगाला, भूकूमच्या बाजूला घ्या. आणि उचललेला प्रत्येक दगड होता त्याच बाजूने परत ठेवा, त्याच्या पोटाला अंडी चिकटलेली असतात.

पक्ष्यांवरून अंदाज बांधताना जरा जपून. शेकाट्यांचे थवे वाढले म्हणून नदी सुधारली असं वर्तमानपत्रात फोटोसकट छापून येतं. शेकाट्या त्या लाल अळ्यांवरच पोसतो, त्यामुळे त्याची गर्दी मैलापाण्याचीही खूण असू शकते. कवड्या खंड्या मात्र हवेत एका जागी फडफडत वरून मासा हेरतो, त्याला पाण्याच्या आत दिसावं लागतं. तो वर्षभर टिकून राहिला तर ती नोंद मोलाची.

आता कचरा. सगळा किलोमीटर दर रविवारी झाडण्याऐवजी, कचरा ज्या एक-दोन नाल्यांतून येतो तिथे तरंगता अडसर लावा. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन्ही तोंडांना टोपण लावून हवाबंद केलेले तुकडे दोरीत ओवायचे आणि त्यांच्या खाली वीस-तीस सेंटिमीटरची जाळी झालरीसारखी सोडायची. जाळी तळाला टेकू द्यायची नाही, खालून मासे आणि गाळ जायला वाट हवी. अडसर प्रवाहाला काटकोनात बांधाल तर कचरा मधोमध दाबून बसतो, झालर उचलली जाते आणि सगळं खालून निसटतं. तिरका, साधारण ३० ते ४५ अंशांत बांधा, म्हणजे कचरा सरकत एका काठाला येतो आणि तिथून दाताळ्याने ओढून घेता येतो. एका टोकाची दोरी मुद्दाम कमकुवत ठेवा. अवेळी लोंढा आला तर तेच टोक तुटून अडसर काठाला लागेल, नाला तुंबणार नाही. दोन-तीन दिवसांनी रिकामा करायला माणूस नसेल तर लावूच नका. महापालिकेची लेखी परवानगी हवी आणि मेअखेर तो काढलाच पाहिजे. पुण्यात ओढे तुंबले की काय होतं ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने दाखवलेलं आहे.

त्याच कारणासाठी राडारोड्याकडे प्लास्टिकपेक्षा जास्त लक्ष द्या. प्लास्टिक डोळ्यांना खुपतं, पण बांधकामाचा एक डंपर खळाळ कायमचा बुजवतो आणि पात्र अरुंद करतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. भराव निळ्या रेषेच्या आत पडत असेल तर फोटो, वेळ, जागा आणि दिसला तर गाडीचा नंबर एवढं घेऊन तक्रार करा. रात्री डंपर अडवायला जाऊ नका.

पाषाण तलावाच्या आसपास असाल तर जलपर्णीशी गाठ पडणारच. ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, त्यामुळे तलाव भरल्यावर काढायला जाणं म्हणजे हरलेली शर्यत. हिवाळ्याच्या सुरुवातीला, पुंजके विरळ असताना, फुलं यायच्या आधी काढा. बी चिखलात वर्षानुवर्षं तग धरतं. वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, म्हणून काठावर दोन दिवस निथळू द्या आणि मगच हलवा. या दोन दिवसांत मुळांत अडकलेल्या गोगलगायी आणि पाणकिडे यांतले निदान काही जीव पाण्यात परत जातात. पण ढीग काठावरच सोडून दिला तर पहिला पाऊस तो परत नदीत नेतो. तणनाशक फवारायचा प्रस्ताव कुणी आणला तर ठाम नकार द्या. मेलेली जलपर्णी तळाला जाऊन कुजते आणि उरलासुरला प्राणवायू संपवते.

आता तुमचे चार बेत. काठावरची झुडपं ‘साफ’ करू नका. उभ्या मातीच्या काठात खंड्या आणि वेडा राघू बिळं करून अंडी घालतात, मोकळ्या गोट्यांवर टिटवी, काठच्या मातीत मऊ पाठीची कासवं. मार्च ते जून तर तिकडे कोयता नकोच. लव्हाळा आणि पाणकणीस माती धरून ठेवतात. महापुरात लव्हाळ्याचं काय होतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. काढायचंच असेल तर बेशरम, घाणेरी आणि सुबाभूळ काढा, तेही टप्प्याटप्प्याने, एका वर्षी दहा-पंधरा मीटरचे तुकडे सोडून सोडून. एकदम उघडा पडलेला काठ पहिल्याच पावसात ढासळतो.

पाचशे झाडांऐवजी पन्नास लावा आणि दोन उन्हाळे जगवा. पात्रात आणि निळ्या रेषेच्या आत मोठी झाडं ओळीने लावू नयेत. पाण्याच्या कडेला वाळुंज लावा: अंगठ्याएवढी जाड, दोन फुटांची फांदी दोन तृतीयांश जमिनीत खोचली तर तिला मुळं फुटतात. दगडांच्या फटीत शेरणीची झुडपं. त्याच्या वरच्या थरात करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, चार-पाच मीटर अंतराने.

गप्पी नकोत. ते इथले नाहीत, घाण पाण्यातही भराभर वाढतात आणि स्थानिक माशांची व बेडकांची अंडी-पिल्लं खातात. डेंगीचा डास तर नदीत वाढतच नाही; तो तुमच्या गच्चीवरच्या पिंपात आणि कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. दांडवणीसारखे छोटे स्थानिक मासे डासांच्या अळ्या खातात, पाण्यात प्राणवायू असला की ते वरच्या टप्प्यातून आपसूक उतरतात. घरच्या टाकीतली लाल कानाची कासवं आणि सकर मासे नदीत ‘मोकळे’ करणाऱ्या सोसायटीतल्या मंडळींनाही हेच समजवा.

जिवाणूंचं द्रावण वाहत्या पाण्यात ओतलं तर काही तासांत पुढे निघून जातं. त्याला काम करायला वेळ आणि प्राणवायू लागतो, तुमच्या टप्प्यात दोन्ही नाहीत. ते पैसे प्राणवायूच्या संचांवर खर्च करा.

एक प्रसंग मात्र तयारीत ठेवा. जूनच्या पहिल्या पावसात तळाचा सडलेला गाळ ढवळला जातो आणि मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागतात. दिसल्याबरोबर प्राणवायू मोजा. काचेच्या दोन बाटल्या बुडबुडा न ठेवता भरा, वेळ लिहा, बर्फात ठेवा. दहा मीटरमधले मेलेले मासे मोजा, पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला त्याच तासात कळवा. दुपारपर्यंत थांबलात तर पाणी पुढे गेलेलं असतं आणि हातात काही राहत नाही. मेलेले मासे कुणी खायला नेणार नाही, हेही बघा.

सुरक्षेबाबत: हे पाणी म्हणजे पातळ केलेलं मैलापाणी आहे असं धरूनच चाला. गुडघ्यापर्यंत गमबूट, कोपरापर्यंत पीव्हीसी हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर. पायाला जखम असेल त्याने काठावर बसून नोंदी लिहाव्यात. महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा ताप) लक्षात येत नाही. सुया, सलाइनच्या नळ्या दिसल्या तर हात लावू नका. जागा खुणेने टिपून आरोग्य निरीक्षकांना बोलवा. मुलांना ट्रेमधले किडे दाखवा, पाण्यात उतरवू नका. गोण्यांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. घोणस अशा उबेला येते. हेच काम सांगलीला कृष्णेवर किंवा महाडला सावित्रीवर करणाऱ्यांसाठी नियम अजून कडक, तिथे मगरी आहेत आणि पाण्यात उतरणं हा पर्यायच नाही.

पंचवीस जणांची वाटणी साधारण अशी करा: सहा जण तोंडं मोजणारे, चार जण प्राणवायू आणि किड्यांचे, आठ जण अडसराचे, तीन जण फक्त अर्ज आणि पाठपुराव्याचे, उरलेले काठाच्या झाडांना पाणी घालणारे. अर्जवाले तिघे शक्यतो निवृत्त आणि चिवट निवडा. त्यांना कार्यालयात वारंवार बसावं लागतं. पहिलं मोजमाप येत्या रविवारी सकाळी सातला करा. आत्ता पावसाळा चालू असेल तर नोव्हेंबरचा पहिला रविवार वहीत लिहून ठेवा आणि तोवर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून द्या.